आमच्या खाडीतून अलेक्झांड्रियाला?

प्रश्न : भिवंडीत आमचे यंत्रमाग आहेत, आजोबांपासूनचे. या डिसेंबरात घरची सहा माणसं इजिप्तला निघालो आहोत. सहलवाल्यांनी सगळे दिवस कैरो आणि लक्सरला दिलेत. अलेक्झांड्रियाला एकच दिवस, तोही पहाटे बसने जायचं आणि रात्री परत यायचं असा. धाकटा मुलगा म्हणतो की आपल्या कल्याण-भिवंडीच्या खाडीतून पूर्वी गलबतं थेट अलेक्झांड्रियाला जायची, असं शाळेत सरांनी सांगितलं. हे खरं आहे का, की नुसतीच सांगायची गोष्ट? आणि एका दिवसात त्या शहरात नेमकं काय पाहावं?
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : सरांनी सांगितलं त्यातलं निम्मं खरं आहे. गलबतं थेट जात नव्हती, माल जात होता. मुलाला नकाशा उघडून दाखवा. अलेक्झांड्रिया भूमध्य समुद्रावर आहे. आपला अरबी समुद्र तांबड्या समुद्राला मिळतो आणि तांबडा समुद्र वर सुएझपाशी संपतो. आज तिथे कालवा आहे, पण तो १८६९ साली सुरू झाला. प्राचीन काळी नाईलला तांबड्या समुद्राशी जोडणारे कालवे अधूनमधून खोदले गेले आणि गाळाने भरून गेले. हिंदुस्थानच्या मालाचा मोठा रस्ता होता तो उंटांचा.

तुमचा धंदा कापडाचा, म्हणून कापडाच्या एका गाठोड्याच्या मागोमागच जाऊ या. इसवी सनाचं पहिलं शतक. देशावर सातवाहनांचं राज्य. पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ही कापडाची ठाणी. जुन्नरकडून माल कोकणात उतरायचा तो नाणेघाटाने. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आजही उभा आहे, जकातीचा रांजण म्हणून लोक तो दाखवतात. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. तिथून खाली उतरलं की वाट कल्याणला येते. कल्याणचे व्यापारी आणि कारागीर किती सधन होते ते कान्हेरीच्या लेण्यांत वाचायला मिळतं. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने तिथे पाण्याचं टाकं खोदून दिलं, तसा लेख टाक्यावर आहे. त्याच्यासारखे कल्याणचे आणखीही दाते कान्हेरीत भेटतात.

आता इथे गंमत आहे, आणि मला वाटतं मुलाच्या सरांनाही ती आवडेल. त्याच शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. वही ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, कुठे खडक आहेत, कुठे वाटाड्या घ्यावा, असा तिचा मजकूर. व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासाठी लिहिलेली वही. तिच्यात सोपारा आहे, चौल आहे आणि ‘कल्लिएना’ नावाने आपलं कल्याण आहे. पण कल्याणबद्दल तो लिहितो ती सावधगिरीची सूचना आहे. थोरल्या सरगनसच्या काळात, म्हणजे कोणा सातकर्णीच्या काळात, हे राजमान्य बंदर होतं. आता ते संदनेसच्या हाती गेलंय आणि व्यापाराला फार अडथळे आहेत. एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलंच तर पहारा बसवून त्याला भरूचला नेतात.

भरूच त्या वेळी क्षत्रप नहपानाकडे होतं. सातवाहन आणि क्षत्रप यांचं भांडण घाटवाटांसाठी आणि बंदरांसाठी होतं. ते कसं मिटलं त्याचा पुरावा नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली सापडला : नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांतल्या ९ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला. कल्याणची खाडी बंद पडली की तेरचं तलम कापड बैलगाड्यांवर घालून, वाट नसलेल्या मुलखातून, भरूचपर्यंत न्यावं लागे. हेही त्याच वहीत आहे. नाकाबंदी झाली की माल कसा लांबून फिरवावा लागतो हे मानकोली नाक्यावर ट्रक अडकवून बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तर कल्याणहून म्हणा वा भरूचहून, गाठोडं जहाजावर चढलं. जहाजं इजिप्तहून जुलैत निघत, आपला पावसाळी वारा पाठीवर घेऊन येत आणि हिवाळ्यातला उलटा वारा सुरू झाला की परतत. इजिप्तच्या तांबड्या समुद्राकडच्या किनाऱ्यावर बेरेनिके आणि म्युओस होर्मोस ही दोन बंदरं. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की त्याच्या काळी एकट्या म्युओस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानकडे जात होती. बंदरात उतरलेला माल उंटांवर लादायचा. बेरेनिकेहून नाईलकाठच्या कोप्टोसपर्यंत वाळवंटातून १२ दिवस. उन्हाच्या त्रासाने बराचसा प्रवास रात्री. कोप्टोसहून होडीने नाईलमधून खाली अलेक्झांड्रियाला. हे दिवस प्लिनी या रोमन लेखकाने मोजून ठेवलेत. आणि सरकारची जकात किती? मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा. शंभराच्या मालावर पंचवीस.

पुरावा काय, असं मुलगा विचारेल. विचारायलाच हवं. बेरेनिकेचं बंदर गाळात बुजलं, लोक निघून गेले आणि वाळूने सगळं झाकलं. पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे कापड, लाकूड, दाणे सगळं टिकलं. तिथे एका देवळाच्या अंगणात हिंदुस्थानी बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी मिळाली. सागाच्या तुळया मिळाल्या. इजिप्तमध्ये साग उगवत नाही. २०२३ साली जाहीर झालेल्या शोधांत भूमध्य समुद्राकडच्या संगमरवरातली, ७१ सेंटीमीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे आणि दुसऱ्या शतकातली दोन सातवाहन नाणीही आहेत. आपल्या राजाची नाणी कुणाच्या तरी कनवटीला लागून इजिप्तच्या वाळवंटापर्यंत गेली.

पण तुम्हाला मला सांगायची आहे ती गोष्ट सुताची. बेरेनिकेच्या कचऱ्याच्या ढिगांत सुती कापडाच्या पुष्कळ चिंध्या निघाल्या. सूत इजिप्तच्या बाजूचं की हिंदुस्थानचं हे तज्ज्ञांनी कशावरून ओळखलं? पिळावरून. सूत कातताना चाती कोणत्या बाजूला फिरवायची ही त्या त्या मुलखाची सवय. इजिप्तमध्ये पीळ एका दिशेचा, आपल्याकडे उलट्या दिशेचा. भिंगाखाली धागा धरला की तिरप्या रेघा डावीकडून उजवीकडे चढतात की उजवीकडून डावीकडे, एवढं बघायचं. त्या हिशोबाने हिंदुस्थानी ठरलेल्या चिंध्यांत नक्षी रंगवलेली कापडं आहेत आणि जहाजाच्या शिडाचे तुकडेही आहेत. तुमच्या कारखान्यात कांडी भरणारी बाईसुद्धा बोटांत धागा फिरवून सुलटा-उलटा पीळ सांगेल. दोन हजार वर्षांपूर्वीचं कोडं त्याच खुणेने सुटलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरातली साडी घेऊन खिडकीशी गेलो होतो.

शब्दही मालाबरोबर गेला. ग्रीक भाषेत तलम सुती कापडाला ‘कार्पासोस’ म्हणत. संस्कृतातला कार्पास तो हाच, आणि आपला कापूस त्याचाच नातू.

माणसं गेली का? गेली. पहिल्या शतकाच्या सुमारास दिओन नावाचा वक्ता अलेक्झांड्रियाच्या लोकांपुढे भाषण करताना समोर बसलेल्या परक्यांची यादी सांगतो, तिच्यात काही हिंदुस्थानीही आहेत. दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाचा ज्योतिषी आणि भूगोलकार अलेक्झांड्रियात बसून जगाचा नकाशा तयार करत होता. हे नाव तिथल्या राजांचंही होतं, पण हा राजा नव्हे. तो स्वतः इकडे कधी आला नाही. पण चौलला दीर्घ काळ राहिलेल्या आणि तिथून अलेक्झांड्रियाला आलेल्या लोकांकडून माहिती घेतली असं तो सांगतो. तो ज्याला सिमुल्ला म्हणतो त्याला तिथले लोक तिमुला म्हणतात, हेही तो नोंदवतो. म्हणजे कुणीतरी त्याच्यासमोर बसून उच्चार दुरुस्त करून दिला. त्याच्या ग्रंथात पैठणही आहे, आणि तिथल्या राजाचं नाव आहे सिरि-टोलेमायोस. हा आपला श्री पुळुमावी. स्वतःच्या नावाच्या चालीवर त्याने आपल्या राजाचं नाव बसवून घेतलं!

पुढे सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचाच कॉस्मस नावाचा व्यापारी, जो नंतर धर्मग्रंथ लिहायला बसला, हिंदुस्थानच्या मोठ्या पेठांत ‘कल्लियाना’ मोजतो. तिथून काय बाहेर जातं? तांबं, लाकूड आणि कापड. म्हणजे पाचशे वर्षांनी पेठ पुन्हा जोरात होती, आणि कापड होतंच. या पुस्तकांत भिवंडीचं नाव शोधू नका, ते तिथे नाही. पण खाडी एकच, काठ दोन. भिवंडीची कामवारी नदी त्याच पाण्याला मिळते.

आता तुमच्या एका दिवसाबद्दल. सहलवाल्यांशी बोला आणि एक रात्र तरी तिथे मुक्काम मिळवा. कैरोहून बसने येऊन-जाऊन पाच-सहा तास रस्त्यातच जातात, आणि ते शहर संध्याकाळचं आहे. जमलं तर जाताना रेल्वेने जा. त्या रेल्वेचं आपल्याशी जुळं नातं आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, ती १८५४ साली कल्याणपर्यंत आली. त्याच १८५४ साली अलेक्झांड्रियाहून निघणाऱ्या लोहमार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि १८५६ साली तो कैरोला पोचला. आफ्रिका खंडातली ती पहिली रेल्वे. इंग्रज लोक मुंबईहून सुएझला बोटीने येत, मधली जमीन ओलांडत आणि अलेक्झांड्रियाहून पुढची बोट धरत. उंटांचा जुना रस्ता, फक्त उंटांच्या जागी इंजिन.

स्टेशनवरून पहिल्यांदा कोम अल-शुकाफाला जा. ही जमिनीखालची थडगी आहेत, दुसऱ्या शतकातली. १९०० साली एक गाढव जमिनीतल्या भगदाडात पडलं आणि ती उघडकीस आली. गोल जिन्याने ९९ पायऱ्या उतरायच्या. मृतांच्या नातलगांना जेवायला बसण्याची दगडी खोली आहे; वर्षश्राद्धाला आपण पानं मांडतो तसं ते लोक इथे येऊन जेवत. सर्वांत आतल्या गाभ्याच्या दाराशी थांबून नीट बघा. अनुबिस हा कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव, पण अंगावर त्याच्या रोमन शिपायाचं चिलखत. मागे ममी, वर ग्रीक धाटणीची कमान. तीन मुलखांच्या श्रद्धा एका भिंतीवर. लोक तिथे पाच मिनिटांत फोटो काढून वर येतात. तुम्ही वीस मिनिटं द्या.

जवळच एक सुमारे २७ मीटर उंचीचा तांबूस खांब आहे. त्याला पाँपेचा खांब म्हणतात, पण पाँपेशी त्याचा काही संबंध नाही. तो डायोक्लेशियन बादशहासाठी उभारला. असवानच्या ग्रॅनाइटचा अखंड दगड नाईलमधून होडीवर आणला. या टेकडीवर सेरापिस देवाचं मोठं देऊळ होतं, आणि त्याच्याशी जोडलेलं ग्रंथालयही.

वेळ कमी असेल तर मोंतझाची बाग सोडून द्या. बागा आपण पुष्कळ पाहतो. त्याऐवजी ग्रीक-रोमन संग्रहालय पाहा. बरीच वर्षं बंद होतं, २०२३ साली पुन्हा उघडलं. नंतर चालत कोम अल-दिक्काला जा. संगमरवरी पायऱ्यांचं अर्धगोल प्रेक्षागार तिथे आहे, पण मला त्याहून त्याच्या शेजारच्या खोल्या मोलाच्या वाटतात. वीसेक खोल्या, तिन्ही बाजूंनी दगडी बाक, आणि शेवटी मध्यभागी शिक्षकाची उंच जागा. पाचव्या ते सातव्या शतकातले हे वर्ग आहेत. मुलाला बाकावर बसवा. सरांना दाखवायला फोटो तिथला घ्या.

दुपार ग्रंथालयाला. जुन्या, जगप्रसिद्ध ग्रंथालयाचं काहीही हाती लागलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही. नवं २००२ साली उघडलं, समुद्रातून वर येणाऱ्या सूर्यबिंबासारखं तिरपं, गोल. बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर १२० लिप्यांतली अक्षरं कोरलेली आहेत. आत जाण्याआधी भिंतीला पूर्ण फेरी मारा आणि ओळखीचं अक्षर कोण आधी शोधतं अशी मुलांत पैज लावा. दाराशी टॉलेमी राजाचा प्रचंड पुतळा उभा आहे. तो १९९५ साली समुद्राच्या तळातून वर काढला.

समुद्राच्या तळातून, कारण जुनं अलेक्झांड्रिया बरंचसं पाण्याखाली आहे. ३६५ सालच्या जुलैत मोठा भूकंप झाला, समुद्र आधी मागे हटला आणि मग शहरावर चालून आला. पुढच्या शतकांत जमीन खचत गेली आणि राजवाड्यांचा भाग बुडाला. शंभर मीटरहून उंच असलेला फारोसचा दीपस्तंभ मात्र पडत-झडत चौदाव्या शतकापर्यंत उभा होता. अरब प्रवासी इब्न बतूताने १३२६ साली तो पाहिला तेव्हा एक बाजू पडलेली होती, आणि १३४९ साली परत आला तेव्हा आत शिरायलाही वाट नव्हती. मधल्या काळात हा माणूस आपल्याकडे येऊन गेला होता, दौलताबादला राहिला होता, नंदुरबारच्या मराठ्यांच्या हातची कारागिरी त्याने वाखाणली होती. हिंदुस्थानला जाण्याचं बीज त्याच्या मनात रुजलं ते अलेक्झांड्रियातच. तिथल्या एका फकिराने त्याला सांगितलं की तू हिंदुस्थानात माझ्या भावाला भेटशील.

दीपस्तंभाच्या जागी १४७७ साली सुलतान कायतबेने किल्ला बांधायला घेतला. तुमची संध्याकाळ तिथे जायला हवी. डिसेंबर म्हणता, तर वाऱ्याची तयारी ठेवा. अलेक्झांड्रियाचे कोळी हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव देतात आणि त्यांच्या तिथी ठरलेल्या असतात. नोव्हेंबरच्या मध्याला येतं ते ‘मकनसा’, म्हणजे केरसुणी. सगळं झाडून नेणारं. डिसेंबरच्या सुरुवातीचं ‘कासिम’. वादळ संपेपर्यंत होड्या बाहेर पडत नाहीत. आपले कोळी नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नाहीत तसंच हे, फक्त ऋतू उलटा. मी गेलो तेव्हा अशाच एका वादळात सापडलो. किनाऱ्याच्या रस्त्यावर लाटा कठड्यावरून मोटारींवर पडत होत्या, आणि किल्ल्याशेजारी अन्फुशीच्या मासळीबाजारात एक म्हातारा टोपलीवर ओलं गोणपाट टाकून शांत बसला होता. भाव सांगताना त्याने बोटांनी हवेत ‘हिसाब’ केला. त्या एका शब्दावर आमचं जमलं. तुमचंही जमेल. दुकान, खुर्ची, वजन, तारीख, इमारत, दलाल, कुलूप : उच्चार थोडा फिरवला की हे सगळे शब्द तिथे चालतात.

घरात कुणी शाकाहारी असेल तर उपाशी राहणार नाही. तामेया म्हणजे पावट्याच्या जातीच्या डाळीचे वडे, फूल म्हणजे त्याच दाण्याची रात्रभर शिजवलेली उसळ, आणि कोशरी : भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर कुरकुरीत कांदा. कोशरीचं नातं आपल्या खिचडीशी सांगतात. मासे खाणाऱ्यांनी सय्यादिया मागवा. कांदा काळसर होईपर्यंत परतून त्यात शिजवलेला कोळ्यांचा भात.

प्रश्न : इजिप्तला जाणं काही आम्हाला परवडणार नाही. या जुन्या व्यापारातलं इथल्या इथे काय पाहता येईल?
— एक विद्यार्थिनी, काल्हेर

उत्तर : पुष्कळ, आणि खरं तर तिकडे जाणाऱ्यांनीही आधी हेच पाहावं. सुरुवात काल्हेरच्या खाडीपासूनच करा. ओहोटीला काठावर उभी राहा आणि गाळाचा थर बघा. बंदर कशाने मेलं, ते समोर दिसतं. आपलं गाळाने बुजलं, अलेक्झांड्रियाचं समुद्राने घेतलं. तरीही १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा या पाण्यात जहाज बांधण्याइतकी खोली होती. पुढच्या दोन वर्षांत महाराज भिवंडी, कल्याण आणि पनवेलला लढाऊ जहाजं बांधताहेत याची पोर्तुगिजांनी धास्ती घेतली होती.

कान्हेरीला एक रविवार द्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवन अनेक आहेत. परक्या व्यापाऱ्याने आपल्या डोंगरात खांब कोरून घेतला, आणि नाव घेतलं ते सिंहध्वजासारखं इथलं. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला. तिथून निघालेला करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

पण एकच ठिकाण निवडायचं तर मी कोल्हापूर म्हणेन. तिथल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, आणि ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती त्या संबंधात पुढे आली. ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, भूमध्य समुद्राचा देव. कुणी आणला, विकत घेतला की भेट आला, याचा विचार करत मी त्या काचेसमोर बराच वेळ उभा होतो. उलट दिशेने गेलेली वस्तूही आहे. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक हिंदुस्थानी स्त्रीमूर्ती निघाली. ते शहर ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी पोचलेली. तशाच घडणीचं हस्तिदंती काम पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला मिळालं.

प्रश्न : माझी दादी रोज कसीदा बुर्दा हे पैगंबरांचं स्तुतिकाव्य म्हणते. ते लिहिणाऱ्या इमामांची मशीद अलेक्झांड्रियात आहे असं ऐकलं. आम्ही पुढच्या वर्षी दादीला नेण्याच्या विचारात आहोत.
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : जरूर न्या. इमाम बूसिरी तेराव्या शतकातले. त्यांची मशीद अन्फुशी भागात, अबुल अब्बास अल-मुर्सी यांच्या मोठ्या पांढऱ्या मशिदीसमोर आहे. अबुल अब्बास हे त्यांचे पीर, मूळचे स्पेनमधल्या मुर्सियाचे. बूसिरींच्या मशिदीत बुर्दाच्याच ओळी भिंतीवर लिहिलेल्या आहेत. दादींना बाकी भाषा येवो न येवो, त्या ओळी वाचता येतील. सकाळच्या वेळी गर्दी कमी असते.

परतीला कैरोत एक दिवस जास्तीचा ठेवा. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत, कारण हा पंथ आपल्या किनाऱ्यावर अरबांच्या जहाजांबरोबर समुद्रानेच आला. मलबारला, जावा-सुमात्राला गेला तोही समुद्रानेच. इमाम शाफई यांची कबर कैरोत आहे. त्यांचं निधन ८२० साली झालं, आणि कबरीवरचा घुमट सुलतान अल-कामिलने १२११ साली बांधला. लाकडी घुमट, वर शिशाचा पत्रा. दादींना आत नेण्याआधी अंगणात थांबवून वर बघायला सांगा. घुमटाच्या टोकावर चंद्रकोरीसोबत धातूची एक छोटी होडी बसवलेली आहे. पक्ष्यांसाठी तिच्यात दाणे घालत असत.